निपाणीहून आलेली गोगलगाय

कोल्हापुरात समुद्र नाही असं भूगोलाच्या पुस्तकात छापलेलं आहे. छापू दे. भूगोलवाल्यांनी राजारामपुरीत, सरनोबतांच्या दुसऱ्या मजल्यावर चढून बघायचे कष्ट घेतलेले नाहीत. तिथं हॉलच्या एका भिंतीला लागून समुद्र होता. त्याला भरती-ओहोटी होती, ती पंपाच्या बटणावर यायची. त्याला चंद्र होता, तो छताला स्क्रूनं आवळलेला होता. आणि त्यात प्रवाळ होतं. जांभळं, केशरी, शेवाळी. कुठं झाडासारखं फुटलेलं, कुठं मेंदूसारख्या वळ्या पडलेलं.

काळच तसा आला होता. समुद्राचं पाणी तापत गेलं, मालवणच्या खडकांवरचं प्रवाळ पांढरंफटक पडून गेलं, आणि समुद्रात जे उरलं नाही ते लोकांच्या दिवाणखान्यात उरलं. लातुरात प्रवाळ, जतमध्ये प्रवाळ. जिथं प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघायची, तिथं माणसं मीठ कालवून समुद्र करत बसलेली. या मंडळींचा एक रिवाज होता. कुणी तुकडा मागितला तर नाही म्हणायचं नाही. शेजारणीला विरजण देतात तसा प्रवाळाचा तुकडा द्यायचा. आपल्याकडचं नासलं तरी तिच्याकडचं टिकेल, आणि वेळ आली तर परत मागता येईल.

पण विरजणाच्या वाटीत कधी माशीही येते. तुकड्याच्या भोकात दडून एखादा खेकडा येतो, किडा येतो, नाहीतर पाठीवर शंख नसलेली समुद्री गोगलगाय येते. मंडळी त्यांना ‘बिनतिकीट’ म्हणायची.

असलंच एक बिनतिकीट शलाका सरनोबतला दिसलं, ते तिचा नवरा रणधीर लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला बेळगावात गेला होता तेव्हा. माशांना दाणे टाकता टाकता तिचा हात थबकला. तिनं फोन लावला.

“तुझं प्रवाळ चालायला लागलंय.”

“प्रवाळ चालत नाही, शलाका.”

“मग दगडाला पाय फुटलेत. काचेवरून वर येतंय. माझ्याकडंच बघतंय बहुतेक.”

“हात लावू नकोस. काय आहे ते कळल्याशिवाय मारायचंही नाही आणि ठेवायचंही नाही.”

त्याचं खरं होतं. या गोगलगायींचं घराण्यावर सगळं अवलंबून असतं. एक जात अशी की टाकीतली उपद्रवी फुलं वेचून खाते. तिला लोक मखमलीत ठेवतात. दुसरी जात प्रवाळाचा फडशा पाडते. तिसरी नुसती मेली तरी असं विष सोडते की टाकी साफ. दिसायला तिन्ही बहिणी बहिणी. त्यामुळं दारात आलेल्या पाहुण्याला कुळ विचारल्याशिवाय पाट मांडायचा नाही, हे या छंदातलं पहिलं शहाणपण.

कुळ विचारायचं साधन शलाकाच्या पर्समध्येच होतं.

ती पंचरत्न दूध संघाच्या तपासणी विभागात होती. संशय घ्यायचा हेच तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. संघानं सगळ्या तपासनिसांना एकेक ‘नाक’ दिलं होतं. कागदोपत्री त्याला भलंमोठं नाव होतं, पण ते म्हणेपर्यंत दूध फाटेल म्हणून सगळे नाकच म्हणत. आकार पेनाएवढा, टोक थेंबात बुडवायचं, की थेंबात कोण कोण राहून गेलं ते पडद्यावर येतं.

यात जादू काही नव्हती. जिवंत प्राणी सारखा झडत असतो. कातडीचे कण, लाळ, घाम, केस. जिथं जाईल तिथं तो स्वतःची चिमूट टाकत जातो, आणि त्या प्रत्येक चिमटीत त्याच्या डीएनएची अख्खी जन्मकुंडली असते. नाक ती वाचायचं. म्हशीच्या दुधात गाईचं किती, हे तर ते सांगायचंच; पण संघानं त्याला आणखी एक विद्या शिकवली होती. विम्यासाठी दुसऱ्याची म्हैस आपली म्हणून दाखवणारे महाभाग कमी नाहीत. म्हणून नाक नातंही ओळखायचं. नोंदलेल्या म्हशीशी दुसऱ्या जनावराचा डीएनए अर्ध्याला अर्धा जुळला, की पडद्यावर अक्षरं उमटत: ‘माय-वासरू’. एकदा तर या नाकानं एका किटलीतल्या दुधावरून गवळ्याच्या मेहुण्याला पकडलं होतं म्हणतात. मेहुण्यानं किटलीत बनियन धुतला होता.

नवीन नाक घरी आणलं त्या दिवशी शलाकानं गंमत म्हणून स्वतःची आणि रणधीरची थुंकी त्यात नोंदवून ठेवली होती. गमतीजमती अशाच महागात पडतात.

तिनं टाकीतल्या पाण्यात टोक बुडवलं. पडद्यावर मासे आले, कोळंबी आली, प्रवाळांची लांबलचक वरात आली. मग गोगलगायीचं लॅटिन नाव आलं, नागाच्या मंत्रासारखं. आणि खाली, जिथं तिनं एरवी बघितलंही नसतं, तिथं दोन ओळी:

मनुष्य: दोन. एक, रणधीर. दुसरी, अनोळखी स्त्री.

नातं: माय-वासरू.

शलाकानं टोक पुसलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा तेच. ती स्वतः पाण्यात कधी हात घालत नसे, मिठानं तिच्या हाताला खाज सुटायची. मग ही दुसरी कोण?

गोठ्यात नेहमी एकच रीत असते. नोंद असते ती मायेची, शोधायचं असतं वासराला. शलाकाचे डोळे दहा-बारा वर्षं त्या रीतीला सरावलेले. नोंद रणधीरची होती. म्हणजे वासरू कुठंतरी दुसरीकडं होतं. रणधीरला मुलगी होती.

या दोघांना मूल नव्हतं. आधी व्हावं म्हणून खटपट केली, मग झालेलं टिकलं नाही, मग तो विषय दोघांनी मिळून असा गाडला की त्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून चालत. आणि आता कळत होतं की वळसा ती एकटीच घालत होती.

संध्याकाळी रणधीर आला. बूट काढायच्या आत काचेला चिकटला.

“बिनतिकीटच आहे. प्रवाळ खाणारी दिसते. सकाळी गोड्या पाण्यात टाकतो.” गोडं पाणी म्हणजे असल्या जीवांना फाशीच.

“आपल्याकडं कुणी आलं होतं काय रे?” शलाका भाकरी थापत म्हणाली.

“कोण येणार?”

“नाही, मी नसताना.”

“मी असतो तेव्हा तू असतेस. तू नसतेस तेव्हा मीही नसतो. येणारा दाराला कुलूप बघायला येईल काय?”

उत्तर बिनतोड होतं. शलाकाच्या अनुभवात पाणी घालणाऱ्याचंच उत्तर इतकं बिनतोड असतं.

सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली तेव्हा रणधीर टाकीपुढं खुर्ची टाकून बसला होता. गोड्या पाण्याचं भांडं कोरडं होतं.

“टाकली नाहीस?”

“राहू दे तिला.”

“प्रवाळ खाते म्हणालास.”

“खाऊ दे. बिचारी एवढ्या लांबून आली.”

हा माणूस बिनतिकिटांच्या बाबतीत यमधर्म होता. गेल्या खेपेला एका खेकड्यासाठी त्यानं अख्खा खडक उकळला होता. आणि आता म्हणे बिचारी. शलाकानं टेबलावर नजर टाकली. नाक तिनं पर्सच्या उजवीकडं ठेवलं होतं, ते डावीकडं होतं. म्हणजे त्यानं पाहिलं होतं. म्हणजे आपण पाहिलंय हे त्याला कळलं होतं. आणि तरी गडी शांतपणे चहात बिस्किट बुडवत होता. केवढी ही तयारी, ती मनाशी म्हणाली.

त्या दिवसापासून घरात दोन तपासनीस राहू लागले. तो तिच्याकडं चोरून बघायचा, ती त्याच्याकडं. रणधीर जेवताना मध्येच हसायचा, विचारलं की काही नाही म्हणायचा. दर रविवारी तो प्रवाळवाल्यांच्या ‘मंडळाच्या कामाला’ जायचा. कुठं, हे तिनं इतकी वर्षं विचारलं नव्हतं आणि आता विचारायची सोय उरली नव्हती.

तिनं सापळे लावले. टाकीच्या झाकणावर स्वतःचा लांब केस आडवा चिकटवला. दारापासून हॉलपर्यंत तांदळाचं पीठ भुरभुरलं, रणधीरला सांगितलं मुंग्यांसाठी आहे. केस जागचा हलला नाही. पिठावर दोघांशिवाय पाऊल उठलं नाही, एका मुंगीचं सोडून. आणि पाण्यात ती मुलगी रोज ताजी.

इथं शलाकाच्या कपाळावर आठी पडली. माणसाचे कण समुद्राच्या पाण्यात टिकत नाहीत. पाण्यातले जिवाणू ते दोन दिवसांत चाटूनपुसून खातात. मुलगी रोज दिसते तर ती रोज आली पाहिजे. रोज आली तर पाऊल उठलं पाहिजे. संशय घेणारा माणूस आणि संशयानं वेडा झालेला माणूस यांत एवढाच फरक, की पहिला परीक्षा घेतो. शलाकानं पंप बंद केला, गोगलगाय चमच्यानं उचलून एका कपात नव्या, कोऱ्या खारट पाण्यात ठेवली, आणि कामावरून आल्यावर कपात नाक बुडवलं.

मुलगी कपात होती. रणधीर नव्हता.

गोगलगाय मात्र मजेत होती. बोटभर लांबी, पाठीवर फिकट निळसर बोटांचे झुबके. त्या बोटांची टोकं प्रवाळाच्या फुलांसारखी, म्हणून तर ती चालेपर्यंत दिसली नव्हती.

मग शलाकानं पुस्तकं उपसली, आणि कळलं ते असं. या जातीला स्वतःचं म्हणून फारसं काही नसतं. शंख टाकून दिलेला, त्यामुळं अंगावर जे आहे ते सगळं चोरीचं. ती प्रवाळ खाते, पण प्रवाळात राहणारं हिरवं शेवाळ पचवत नाही. पाठीच्या बोटांत जिवंत ठेवते आणि त्याच्या स्वयंपाकावर जगते. तिच्या काही बहिणी तर ज्यांना खातात त्यांचे विषारी काटे न मोडता गिळतात आणि आपल्या अंगावर मिरवतात. अलीकडं एक नवीन गोष्ट सापडली होती: या बोटांच्या आत अशा पिशव्या असतात की आलेला माल सडत नाही. खाण्याबरोबर जे पोटात गेलं, कुणाच्या कातडीचा कण का असेना, तो तिथं महिनोन्‌महिने जसाच्या तसा राहतो, आणि चिमूट चिमूट पाण्यात सांडतो.

म्हणजे मुलगी कधीच घरात आली नव्हती. ती गोगलगायीच्या पाठीवर बसून आली होती. गोगलगाय जिथं वाढली तिथं त्या मुलीचा हात रोज पाण्यात होता.

आता प्रश्न एकच, हिचं माहेर कुठं?

शाहूपुरीत अण्णा हुक्केरींचं माशांचं दुकान होतं. अण्णांना जगातल्या सगळ्या माशांची आणि कोल्हापुरातल्या सगळ्या माणसांची माहिती असे, आणि दोन्ही ते सारख्याच उत्साहानं विकत. शलाकानं कप काउंटरवर ठेवला.

“आत्ता बघा,” अण्णा चष्मा वर सरकवून म्हणाले. “रणधीरनं पाठवलं काय?”

“त्याला नका सांगू. ही काय खाते तेवढं सांगा.”

“ही एकच खाते. उघडझाप. ते प्रवाळ नाही काय, बाळाच्या मुठीसारखं सारखं उघडतंय मिटतंय. दुसरं काही तोंडासमोर धरा, उपाशी मरेल पण शिवणार नाही. पतिव्रता आहे.”

“आमच्याकडं आहे की उघडझाप. महिन्यापूर्वी आणलंय त्यानं.”

“आणलंय कुठून पण? उघडझाप आपल्या भागात सगळ्यांचं मेलं गेल्या उन्हाळ्यात. उरलंय एका ठिकाणी.” अण्णा बोलायचे थांबले. नको ते बोलत असल्याचं त्यांना कळायला नेहमीच थोडा उशीर व्हायचा. “तुम्हाला म्हाईत नाही होय? दर रविवारी जातो की रणधीर. निपाणीला. कुमुद शितोळ्यांकडं.”

“कोण ही कुमुद?”

“चांगली बाई आहे,” अण्णा म्हणाले, आणि माशांना दाणे टाकायला आत गेले.

निपाणी फार लांब नाही, पण संशय बरोबर घेऊन गेलं की कुठलाही रस्ता लांबतो. शलाकानं मधल्या वारी रजा टाकली, विजेची बस पकडली आणि वाटभर त्या घराचं चित्र रंगवलं. दारात मुलीची सायकल. दोरीवर शाळेचा गणवेश. आणि एक कुमुद, भरलेल्या अंगाची, हसऱ्या डोळ्यांची. तिला काय बोलायचं याची वाक्यं शलाकानं घासूनपुसून ठेवली होती.

तंबाखूच्या जुन्या वखारीमागं घर सापडलं. दारात सायकल नव्हती. दोरीवर दोन पातळं होती. दार उघडलं ते पांढऱ्या केसांच्या, काटकुळ्या बाईनं. बाही कोपरापर्यंत वर, हातातून पाणी ठिबकतंय.

“कुमुद शितोळे?”

“मीच. तुकडा पाहिजे काय? या की आत. चपला राहू देत.”

आत भिंतीला टाकी होती, साधीच. उघडझाप प्रवाळाचं जणू शेतच. शेकडो मुठी उघडत होत्या, मिटत होत्या.

“घरात आणखी कोण असतं?” शलाकानं विचारलं.

“मी आणि मासे.”

“मुलगी?”

“कुणाची?”

“तुमची.”

“मला मुलगी नाही,” बाई म्हणाली. “पाणी देऊ? उन्हातनं आलात.”

ती पाणी आणायला वळली तेवढ्यात शलाकानं नाक टाकीत बुडवलं. पडद्यावर एकच माणूस आला. तीच अनोळखी स्त्री. दुसरं कुणी नाही, मुलगी नाही, बाळ नाही. आणि खाली पुन्हा तेच: रणधीरशी नातं, माय-वासरू.

शलाकानं पडद्याकडं पाहिलं, मग तांब्या घेऊन येणाऱ्या त्या सत्तरीकडं झुकलेल्या बाईकडं. वासरू एवढं म्हातारं नसतं. तपासणी विभागातली सगळी हुशारी तिच्या डोक्यात शेणासारखी पसरली. अर्ध्याला अर्धं जुळलं एवढंच नाक सांगतं. माय कोण आणि वासरू कोण ते सांगत नाही. गोठ्यात सांगायची गरजच पडत नाही, तिथं डोळ्यांना दिसतं.

“तुम्ही तर वारलात,” ती म्हणाली.

कुमुदबाईंनी तांब्या खाली ठेवला. हात पदराला पुसले, सावकाश.

“ऐकलंय मी पण,” त्या म्हणाल्या. “तू शलाका ना? तो सांगतो तुझ्याबद्दल. भाकरी पातळ करतेस म्हणाला.”

“त्याच्या आईचं नाव विजयादेवी होतं.”

“ते तुझ्या सासऱ्यानं ठेवलेलं. लग्नात तांदळात लिहिलं तसं मी वापरलं, तीन वर्षं. मग निघाले तेव्हा तिथंच ठेवून आले.”

मग त्यांनी जे सांगितलं त्यात रडणं नव्हतं. फार वर्षं एकच गोष्ट मनात फिरवली की तिची टोकं घासून जातात. सासरा, म्हणजे त्यांचा नवरा, संशयी होता. दूधवाल्याशी का बोललीस, खिडकीत का उभी राहिलीस. एक दिवस त्या माहेरच्या लग्नाहून एक दिवस उशिरा परतल्या. दार उघडलं नाही. आतून पोराचा आवाज येत होता. निरोप आला की पोरगं धडधाकट राहायला हवं असेल तर पुन्हा या दारी येऊ नका. आणि गावात सांगितलं, बाई कावीळ होऊन माहेरीच वारली. रणधीर तेव्हा दोन वर्षांचा.

“मोठा झाल्यावर तरी सांगायचं होतं,” शलाका म्हणाली.

“काय सांगायचं? मेलेल्या बाईनं दारात जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, बाळा, तुझा बाप खोटं बोलला? तो बापावर जीव टाकायचा. मला दिसायचं लांबून.” त्या टाकीकडं वळल्या. “मग कळलं, त्याला हे वेड लागलंय. मी कधी समुद्र पाहिला नव्हता. साठीला आल्यावर शिकले, मीठ किती, प्रकाश किती. दोनदा सगळं मेलं. तिसऱ्यांदा जगलं. या छंदात एक बरं आहे, तुकडा मागायला कुणीही कुणाच्याही घरी जातं. एका रविवारी आला.”

“त्याला माहीत नाही?”

“मला मावशी म्हणतो. तेवढं पुरे झालं.” त्यांनी शलाकाचा हात धरला. खारट, गार हात. “सांगू नकोस, पोरी. कळलं तर त्याला गेलेला बाप मनातून टाकावा लागेल, नाहीतर मला. आत्ता दोघं आहेत.”

शलाकानं हो म्हटलं. परत येताना बसमध्ये तिला कळलं की एक ओझं उतरवायला गेले आणि दुसरं घेऊन आले. नवरा निर्दोष होता. आणि त्याची सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्यापासून लपवणारी आता ती होती. ज्या संशयानं एक बाई जिवंतपणी मेली, तोच संशय गेले काही आठवडे तिनं स्वतः पिठासारखा घरभर भुरभुरला होता. तिनं घरी येऊन जमीन पुसली. रणधीर बघत होता.

“मुंग्या गेल्या काय?”

“गेल्या.”

“कुठं गेली होतीस?”

“कामावर.”

त्यानं तिच्या चपलांकडं बघितलं. चपलांना निपाणीची तांबडी धूळ होती, आणि तपासनीस आता तो होता.

भाद्रपद आला, पितृपंधरवडा लागला. सरनोबतांकडं आई-वडिलांचा म्हाळ एकाच दिवशी घालायची पद्धत होती. आईचा फोटो घरात नव्हता, सासऱ्यांनी ठेवला नव्हता. पाटावर तिच्या नावाची सुपारी मांडत. गच्चीवर कावळ्यांसाठी दोन पानं ठेवत, एक वडिलांचं, म्हणजे दादांचं, आणि एक आईचं. आणि दरवर्षी एक विचित्र गोष्ट व्हायची. दादांच्या पानावर कावळे तुटून पडत. आईच्या पानाकडं बघून मान वाकडी करत आणि उडून जात. रणधीर उन्हात ताटकळत उभा राहायचा, आईची काय इच्छा राहिली असेल म्हणून हात जोडायचा. कोल्हापूरचे कावळे शिकलेसवरलेले नसतील, पण जिवंत माणसाचं जेवण ते खात नव्हते.

यंदा शलाकाच्यानं ते बघवणार नव्हतं. सांगायचं नाही असा शब्द दिलेला. पण जिवंत बाईच्या नावानं सुपारी मांडायची तरी कशी? तिनं निपाणीला फोन केला.

“म्हाळाला जेवायला या.”

“कुणाच्या?”

“तुमच्या.”

पलीकडून हसू आलं, दाबलेलं. “स्वतःच्या म्हाळाला जेवणारी मी पहिलीच असेन.”

“मंडळातल्या मावशी म्हणून या. जेवा आणि जा. निदान ते अन्न तुमच्या पोटात जाऊ दे.”

त्या आल्या. नव्या पातळाची घडी मोडून आल्या. रणधीरनं दारात वाकून नमस्कार केला. शलाका दोघांच्या चेहऱ्यांकडं आळीपाळीनं बघत होती. याला काही संशय येतोय का, यांच्या तोंडून काही निसटतंय का. वडे तळताना तिचा एक कान हॉलमध्ये होता. हॉलमध्ये मिठाच्या प्रमाणावर चर्चा चालली होती.

पानं वाढली. कावळ्यांसाठी दोन केळीची पानं भरली: खीर, वडे, गवारीची भाजी, भोपळा. रणधीर दोन्ही हातांत दोन पानं घेऊन गच्चीवर गेला. खाली दोघी बायका एकमेकींकडं न बघता बसल्या. वर कावळ्यांचा कलकलाट झाला आणि थांबला.

रणधीर खाली आला. हातात एक पान तसंच भरलेलं.

“दादांचं नेलं,” तो म्हणाला. “हे मी ठेवलंच नाही.”

आणि त्यानं ते पान कुमुदमावशींच्या पुढ्यात ठेवलं.

“तुमच्याच नावाचं आहे. इतकी वर्षं कावळे सांगत होते, मी ऐकत नव्हतो.”

कुमुदबाईंनी झटकन शलाकाकडं बघितलं. त्या नजरेत उभ्या जन्माचा अविश्वास होता. “तू सांगितलंस.”

“शप्पथ नाही.”

“तिनं नाही,” रणधीर म्हणाला आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. “गोगलगायीनं. ही आंघोळीला गेली तेव्हा नाकाचा पडदा उघडाच होता. वाचलं मी, माय-वासरू. मला मुलगी नाही हे मला ठाऊक होतं, आणि गोगलगाय कुणाच्या टाकीतून आली तेही. मग उरलं काय?”

शलाकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढी साधी वजाबाकी तिला जमली नव्हती, कारण ‘मला मुलगी नाही’ या पहिल्या ओळीवर तिचा विश्वासच नव्हता. रणधीरनं तिच्याकडं बघितलं नाही, आणि तेवढंच पुरेसं लागलं.

“मग बोलला का नाहीस?” कुमुदबाईंचा आवाज फुटला.

“तुम्ही का नाही बोललात? मला वाटलं, सांगायचं नाही म्हणजे काहीतरी कारण असेल. बोललो तर पुढच्या रविवारी दार बंद दिसेल. एकदा बंद दार बघून झालंय आपलं. मी आतल्या बाजूला होतो एवढंच.”

टाकीतला पंप सुरू झाला, भरती आली. कुमुदबाईंनी पानाकडं बघितलं. कावळ्यांनी वर्षानुवर्षं नाकारलेलं पान. मग त्यांनी वडा मोडला, खिरीत बुडवला, तोंडात घातला. डोळे मिटून सावकाश चावत राहिल्या. डोळ्यांतून पाणी ओघळून हनुवटीवर आलं ते त्यांनी पुसलं नाही.

“खीर कुणी केली?” त्यांनी विचारलं.

“मी,” शलाका म्हणाली.

“गूळ कमी पडलाय,” सासू म्हणाली.